पोळ्याच्या करीला झालेला हल्ला: गावानं तोडलेल्या एका तरुणाचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात, गावानं तोडलेल्या एका तरुणानं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांवर हल्ला केला, त्याचं हे प्रकरण आहे. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. घटनांचा क्रम आणि त्या त्या वेळी घेतलेले निर्णय मात्र तसेच ठेवले आहेत. मी या भागात मानसिक आरोग्याच्या कामात समुपदेशक आहे. आशाताई, पोलीस पाटील, शिक्षक, सरपंच यांच्यापुढे असा प्रसंग कधी ना कधी उभा राहतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

तरुण तेव्हा 26 वर्षांचा. घरी विधवा आई, अडीच एकर शेत, त्यात कापूस आणि तूर. वडील तो शाळेत असतानाच आजारपणात गेले. लहानपणापासून तो बोलताना अडखळतो. वर्गात उभं राहून धडा वाचायची पाळी आली की पोरं हसायची, म्हणून त्यानं मागचा बाक धरला तो कायमचा. हात मात्र कसबी. तालुक्याच्या आयटीआयमधून त्यानं इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला, नागपूरजवळच्या बुटीबोरीला कंत्राटी कामाला लागला, आणि 2020 च्या टाळेबंदीत गावी आला तो परत गेलाच नाही.

रानडुकरं आणि रोही (नीलगायी) उभ्या पिकाचं काय करतात ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून त्याला जागलीला लावलं. रात्रभर मचाणावर टॉर्च आणि रिकामा डबा घेऊन बसायचं, दिवसा झोपायचं. पैसे मिळत होते, बोलावं लागत नव्हतं, म्हणून त्यालाही ते बरं वाटलं. पण गावाच्या उठण्याबसण्यातून तो त्यामुळे पार बाहेर पडला. सकाळी पानठेल्यावर कोण कोणाशी काय बोललं, कोणाकडे पाहुणे आले, कोणाची सोयरीक जुळली, यातलं काहीच त्याच्या कानावर येईनासं झालं.

एक माणूस त्याच्याशी रोज बोलत असे. शेजारच्या शेताचे मालक, सत्तरी ओलांडलेले काका. पहाटे ते धुऱ्यावर (बांधावर) यायचे, दोघं काट्याकुट्या पेटवून चहा करायचे. काका बोलायचे, हा ऐकायचा, आणि काकांना घाई नसल्यामुळे याचंही वाक्य पुरं व्हायचं. घटनेच्या आधीच्या हिवाळ्यात काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे अमरावतीला गेले आणि तिकडेच राहिले. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. गावात कोणालाच ती सांगण्याजोगी वाटली नव्हती.

आळ

त्याच हिवाळ्यात एका रात्री चार विहिरींवरची केबल कापून नेली. आतल्या तांब्यासाठी अशा चोऱ्या या पट्ट्यात नेहमीच होतात. रात्री शेतात कोण असतं? जागल्या. पुरावा म्हणाल तर एवढाच. पोलिसांत तक्रार अज्ञात चोरांविरुद्ध झाली, त्याचं नाव कागदावर कुठेही आलं नाही. पण मारुतीच्या पारावर बैठक बसली आणि त्याला बोलावणं गेलं.

तिथे काय झालं ते मला तिघांनी तीन तऱ्हेनं सांगितलं. एका गोष्टीवर तिघांचं एकमत होतं. तो बोलायला उभा राहिला, पहिल्याच शब्दाला अडकला, मागे उभी असलेली पोट्टी हसली, आणि एक वडीलधारे म्हणाले, "जाऊ दे बाप्पा, बस खाली." कळवळ्यानंच म्हणाले असतील. पण त्याची बाजू तिथेच संपली. त्याला सांगायचं होतं ते असं, की त्या रात्री शेतीची वीज मध्यरात्रीनंतर आली तेव्हा एका शेतकऱ्याच्या पंपाचा स्टार्टर लागत नव्हता, त्यानं याला शिवाराच्या दुसऱ्या टोकाला बोलावून घेतलं आणि उजाडेपर्यंत दोघं तिथेच होते. तो शेतकरी त्या बैठकीत हजर होता. तो काही बोलला नाही.

त्यानंतर गावानं त्याला वाळीत टाकलं असं कायद्याच्या भाषेत म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा 2016 साली संमत झाला आणि जुलै 2017 पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. इथे मात्र ना ठराव झाला, ना दंड लागला, ना कोणी हुकूम काढला. फक्त जागलीचं काम बंद झालं. मंदिरातल्या महाप्रसादाला पंगतीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली, मग तोच जाईनासा झाला. आईला बचत गटाच्या बैठकीचा निरोप येईना. निंदणाच्या टोळीत बाया तिला घ्यायच्या, पण बोलणं तुटक झालं. पोरांनी त्याच्या अडखळण्याचा व्हिडिओ काढला, त्यावर गाणं चढवलं आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये गावातली बहुतेक कर्ती माणसं होती. हा कायदा अशा वेळी हाती लागत नाही, कारण यात बोट दाखवावं असा एक माणूस सापडत नाही.

उन्हाळ्यात शेजारच्या तालुक्यात पोलिसांनी तांब्याच्या तारांसकट एक टोळी पकडली. तिनं कबूल केलेल्या चोऱ्यांत या गावाचंही नाव होतं. पेपरात बातमी आली, पानठेल्यावर तिची चर्चा झाली. त्याच्या घरी जाऊन "बाबू, तुझा काही संबंध नव्हता" असं म्हणायला मात्र एकही माणूस गेला नाही. या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची जागा मला विचाराल तर ही आहे. पारावरच्या बैठकीपर्यंत गावाला खरं माहीत नव्हतं. आता माहीत होतं.

प्रश्न नेमका काय होता

हल्ला झाल्यावर गावात जो तो एकच वाक्य बोलत होता: "तो पयलेपासूनच घुम्या, असेच लोक करते असं." म्हणजे एकटा राहतो म्हणून धोकादायक. ही समजूत सगळीकडे आहे आणि ती तपासलेलीही आहे. अमेरिकेत 1974 ते 2000 या काळात शाळांवर झालेल्या 37 हल्ल्यांचा आणि ते करणाऱ्या 41 मुलांचा अभ्यास तिथल्या सीक्रेट सर्व्हिसनं आणि शिक्षण खात्यानं मिळून केला, तो 2002 साली प्रसिद्ध झाला. त्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांशच, 34 टक्के, एकलकोंडी म्हणून ओळखली जात होती. आपल्याला छळलं, डिवचलं, दुखावलं गेलं अशी भावना असलेली मात्र 71 टक्के होती. मानसशास्त्रज्ञ मार्क लिअरी आणि सहकाऱ्यांनी 2003 साली अशाच 15 घटना पाहिल्या, त्यांतल्या 13 मध्ये नाकारलं जाणं ठळकपणे सापडलं. पण नाकारलं जाणं एकटंही नव्हतं. सोबत शस्त्रांची ओढ, मृत्यूचं आकर्षण किंवा मानसिक त्रास यांपैकी काहीतरी बहुतेक वेळा होतं. तिथली बंदुकांची उपलब्धता आपल्याकडे नाही, शाळाही तशा नाहीत, म्हणून ते आकडे इथे तसेच्या तसे लावू नयेत. एवढं मात्र घ्यावं, की एकटं राहण्याची आवड हे धोक्याचं लक्षण नव्हे. काका होते तोवर हा तरुण एकटा होता आणि शांत होता. आणि ज्यांना लोकांनी तोडलं त्यांतली बहुतांश माणसं कोणावर हात उगारत नाहीत. ती आतून खचत जातात, कधी स्वतःच्या जिवावर उठतात.

मग हिंसा कुठून येते? मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांनी अव्हेर होण्यावर दीर्घकाळ संशोधन केलं आहे. ते म्हणतात की दुर्लक्षाचा घाव चार ठिकाणी बसतो: आपलेपणा, स्वतःविषयीचा मान, परिस्थितीवरची पकड आणि आपल्या असण्याला काही अर्थ आहे ही जाणीव. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा 2006 सालचा एक प्रयोग आहे. काही जणांना खेळातून वगळलं. मग त्यांना एक कर्कश आवाज ऐकवला. काहींना तो कधी सुरू व्हावा हे ठरवण्याची मुभा दिली, काहींना दिली नाही. नंतर सगळ्यांना, तिखट न आवडणाऱ्या एका अनोळखी माणसासाठी तिखट सॉस वाढायला सांगितलं. वगळलेले आणि मुभाही नसलेले लोक कितीतरी जास्त तिखट वाढून गेले. ज्यांच्या हाती थोडंसं काही राहिलं होतं, त्यांचा राग वगळल्यामुळे तेवढा वाढला नाही.

हे वाचताना मला पारावरची ती बैठक दिसत होती. काम गेलं, पंगत गेली, हे सगळं एकीकडे. आपली हकीकत सांगायचीही सोय उरली नाही, इथे त्याची पकड सुटली. आमच्या पथकानं प्रश्न असा मांडला: या तरुणाला बोलतं कसं करायचं हा प्रश्न नाही, त्याचं म्हणणं गावाच्या कानावर कसं घालायचं हा आहे.

करीची सकाळ

हल्ल्याच्या सुमारे तीन आठवडे आधी तो किराणा दुकानात गेला होता. दुकानदारानं चेष्टेत काहीतरी विचारलं. हा म्हणाला, "एक दिवस साऱ्याईच्या गंज्या पेटतीन." दुकानदार हसला आणि त्यानं ते कोणाला सांगितलं नाही. त्याच सुमारास आशाताई गृहभेटीला गेल्या तेव्हा आई म्हणाली होती, "पोरगा जेवत नाई, रात्रभर अंगनात फिरते, माह्याशी बोलतही नाई." ताईंनी रक्तदाब पाहिला, लोहाच्या गोळ्या दिल्या. नोंदवहीत मनाच्या त्रासाचा रकाना होता, तो भरला गेला नाही.

पोळ्याच्या संध्याकाळी दाराशी पळसाचे मेढे (फांद्या) ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी, करीला, ते गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायचे. वाटेत "ईडा पीडा, रोगराई, घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी द्यायची. त्या सकाळी दहा-बारा पोरांनी मेढे शिवेवर न नेता त्याच्या अंगणात फेकले आणि आरोळीत त्याचं नाव गुंफलं. दोघं मोबाइलवर चित्रण करत होते. आई बाहेर येऊन ओरडली. पोरं हटली नाहीत. तो मागच्या दारानं बैलबंडीपाशी गेला, तिची उभारी (कडेचा लाकडी दांडा) उपसली आणि समोर आला.

पहिला फटका ज्याला बसला तो 17 वर्षांचा मुलगा होता. डोक्याला खोल जखम झाली, टाके पडले, दोन दिवस जिल्हा रुग्णालयात ठेवावं लागलं. दुसऱ्या एकाच्या खांद्याला लागलं. शेजाऱ्यांनी धरलं म्हणून तिथे थांबलं. जखमी मुलगा मेढे फेकणाऱ्यांत होता, पण व्हिडिओ त्यानं काढलेला नव्हता, आणि केबल चोरीच्या वेळी तर तो आश्रमशाळेत होता. राग ज्यांच्यावर साठला होता ते त्या सकाळी घरात झोपले होते.

त्याच दिवशी ठाणेदारांनी गुन्हा नोंदवला. भारतीय न्याय संहिता तेव्हा लागू व्हायची होती, म्हणून भारतीय दंड संहितेचं कलम 324, घातक साधनानं इजा करणं. अटक झाली, जामीन मिळाला. तो घरी आला त्या संध्याकाळी घरावर दगड पडले. तिसऱ्या दिवशी पोलीस पाटलांनी ग्रामीण रुग्णालयात फोन केला आणि आम्ही यात आलो.

समोरचे पर्याय

बैठक ग्रामपंचायतीच्या खोलीत झाली. सरपंचबाई, पोलीस पाटील, बीट जमादार, आशाताई, शाळेचे गुरुजी आणि मी. गावाच्या मनातला पर्याय सगळ्यांना ठाऊक होता: त्याला गावातून काढा. मामा चंद्रपूरकडे राहतात, तिकडे धाडून द्या. हा प्रस्ताव दुष्टपणानं आलेला नव्हता. दगडफेक सुरू झाली होती, जखमी मुलाचे चुलते संतापलेले होते, आणि काही दिवस दूर राहणं दोन्ही बाजूंच्या जिवासाठी बरं दिसत होतं. जमादारांचं म्हणणंही तेच. पण मामाच्या गावी त्याला काम नव्हतं, आई इथे एकटी पडणार होती, आणि नऊ महिने गाव जे हळूहळू करत आलं होतं ते आपण एका एसटीच्या तिकिटात पुरं करणार होतो.

दुसरी मागणी "नागपूरले न्या", म्हणजे प्रादेशिक मनोरुग्णालयात. इथे मला कायदा समजावून सांगावा लागला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 प्रमाणे कोणालाही इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर आधी तसा तीव्र मानसिक आजार असावा लागतो, त्यातून त्यानं नुकतीच स्वतःला किंवा इतरांना इजा केलेली वा तसा धोका निर्माण केलेला असावा लागतो, किंवा स्वतःची काळजी घेणं त्याला अशक्य झालेलं असावं लागतं. मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक जाणकार यांनी स्वतंत्रपणे तपासून तसं मत द्यावं लागतं, आणि कमी बंधनाचा दुसरा मार्ग असेल तर तो आधी घ्यावा लागतो. नुसती मारामारी पुरेशी नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. भास नाहीत, भ्रम नाहीत. मध्यम नैराश्य, झोपेचं चक्र उलटं, आणि मरून जावं असे विचार. उपचार गरजेचे होते. दाखल करण्याची गरज नव्हती.

सरपंचबाईंना तंटामुक्त समितीसमोर, पारावर, सगळ्यांदेखत दोन्ही बाजूंनी माफी मागून विषय मिटवायचा होता. या प्रस्तावावर सर्वांत जास्त वेळ गेला. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 2007 पासून आहे, गावाला ती आपली वाटते, आणि सरपंचबाईंचा हेतू चांगला होता. दोन अडचणी होत्या. गुन्हा नोंदला गेला होता, तो समितीला परस्पर निकाली काढता येत नव्हता. आणि ज्या पारावर त्याला बसवलं गेलं होतं, तिथेच पुन्हा उभं करून बोलायला लावायचं, तेही आता आरोपी म्हणून. गुरुजी म्हणाले, "त्याच्याच्यानं बोलणं होणार नाही आणि न बोलल्याचा लोक मगरुरी असा अर्थ काढतील." सरपंचबाईंना हे पटलं.

चौथा मार्ग पोलिसांपुरता होता: तहसीलदारांपुढे चॅप्टर केस, शांतता राखण्याचं बंधपत्र, बाकी न्यायालय पाहील. ते झालंच. पण बंधपत्रानं हात बांधले जातात, झोप परत येत नाही.

काय केलं

आधी साधनं दूर केली. घरातला फवारणीच्या औषधाचा डबा पोलीस पाटलांच्या कुलूपबंद पेटीत गेला, लागेल तेव्हा आई तिथून घेऊन जाईल असं ठरलं. मरणाचे विचार असलेल्या माणसाच्या घरात, आणि त्यातही कापसाच्या मोसमात, हे पहिलं काम असतं. जमादारांनी रात्रीची गस्त त्या गल्लीतून वळवली, त्यामुळे दगड थांबले. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आईच्या फोनमध्ये घालून दिला. त्याला स्वतःला फोनवर बोलणं अवघड, म्हणून आई लावेल असं ठरवलं.

मग भेटी. दवाखान्यात तो आला आणि मान खाली घालून बसून राहिला. पुढची भेट त्याच्या शेतात ठेवली. तिथेही बोलणं झालं नाही, पण जाताना मी एक वही ठेवली आणि म्हटलं, त्या बैठकीत जे सांगायचं राहिलं ते लिहा, माझ्यासाठी नको, पोलीस पाटलांसाठी लिहा. पुढच्या आठवड्यात वही भरून परत आली. अक्षर सुरेख. त्या रात्रीचा सगळा क्रम, स्टार्टर कोणाचा होता, फ्यूज कितीदा गेला, वीज किती वाजता बंद झाली. शेवटच्या पानावर जखमी मुलाबद्दल होतं: "त्याले मारायचं नोतं. कोनाले मारायचं होतं तेही मले मालूम नाई."

वही हाती आल्यावर पोलीस पाटील त्या स्टार्टरवाल्या शेतकऱ्याकडे गेले. तो ओशाळला आणि म्हणाला, "मले कोनी इचारलंच नाई, पाटील." पुढच्या ग्रामसभेत पाटलांनी उभं राहून दोन गोष्टी सांगितल्या. केबल चोरीत या माणसाचा हात नव्हता, तो त्या रात्री कुठे होता याचा साक्षीदार इथे बसला आहे. आणि त्यानं पोराच्या डोक्यात उभारी घातली तो गुन्हा आहे, त्याची शिक्षा न्यायालय देईल. ही दोन वाक्यं एकाच वेळी बोलली जावीत यावर आम्ही बराच खल केला होता. पहिलं नुसतं बोललं असतं तर हल्ल्याला माफी दिल्यासारखं झालं असतं. तरुण सभेला आला नव्हता, येण्याची सक्ती केली नव्हती. स्टार्टरवाला शेतकरी सभेत उभा राहिला आणि "खरं हाय" एवढंच म्हणाला.

पोरांची बाजू गुरुजींनी सांभाळली. व्याख्यान दिलं नाही. प्रत्येकाच्या घरी गेले, बापासमोर तो व्हिडिओ लावला आणि पुसायला सांगितलं. एका घरात वाद झाला. बाकीच्यांनी पुसला. ग्रुपच्या अॅडमिनलाही ग्रुपवर चार ओळी लिहायला लावल्या.

औषधं सुरू झाली. रात्रीची जागल परत द्यायची नाही हे आम्ही ठरवूनच टाकलं, जरी दोन शेतकरी आता तयार होते. त्याऐवजी पाटलांनी स्वतःच्या विहिरीचं पॅनल दुरुस्तीला दिलं, दिवसाढवळ्या, पैसे देऊन. वाचा-उपचारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं, पण प्रत्येक खेपेला मजुरी बुडायची आणि एसटीत दिवस जायचा. तो दोनदा गेला आणि थांबला.

काकांचा विषय निघाला तो आईकडून, तोही चहा पिता पिता सहज. मी अमरावतीचा नंबर मिळवला. काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते दर रविवारी फोन करू लागले, बोलायचे तेच, हा ऐकायचा. 2010 साली मानसशास्त्रज्ञ नेथन डीवॉल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की अनेकांनी नाकारलेल्या माणसाला एकानं जरी स्वीकारलं तरी त्याची आक्रमकता लक्षणीय कमी होते, आणि पुढच्या प्रत्येक माणसागणिक मिळणारा फायदा घटत जातो. पहिलाच माणूस सर्वांत मोलाचा असतो. आमच्या प्रकरणात तो पहिला माणूस मुळात होता. तो गेल्याचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

परिणाम

सुमारे दीड वर्षानंतरची स्थिती लिहिते. पुन्हा मारहाण झालेली नाही. तो आसपासच्या चार गावांत स्टार्टर आणि पॅनल दुरुस्त करतो, लोक फोन न करता मेसेज करतात. झोप बऱ्यापैकी रुळावर आहे, गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या आहेत. आई बचत गटात परत आली. पारावर तो अजून बसत नाही आणि महाप्रसादाला जात नाही. त्यानं जावं असा आग्रह मीही धरत नाही. एकटं राहणं त्याचा स्वभाव आहे, तो बदलणं हे आमचं काम नव्हतं.

उन्हाळ्यात एकदा घसरण झाली. कोणाच्या पंपाची मोटार जळली, त्यानं याच्या दुरुस्तीला दोष दिला, चारचौघांत शिवी दिली. हा दोन रात्री शेतातून परतलाच नाही. या वेळी आईनं त्याच रात्री पाटलांना कळवलं, पाटील टॉर्च घेऊन शेतात गेले आणि बाजूला बसून राहिले. सकाळी दोघं मिळून मोटारवाल्याकडे गेले. वायंडिंग जुनं होतं हे निघालं.

न्यायालयातला खटला सुरू आहे. जखमी मुलाचे वडील पाटलांशी बोलतात, याच्याशी नाही. त्यानं लिहिलेलं माफीचं पत्र मुलाच्या आईनं न उघडता परत पाठवलं, आणि तो तिचा हक्क आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पारावर त्याला "बस खाली" म्हटलं गेलं तिथे कोणी "लिहून दे" म्हटलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं असं मला ठामपणे वाटतं. अडखळणाऱ्या माणसाला गर्दीत उभं करू नये. दोन माणसांसमोर, सावकाश, हवं तर कागदावर त्याचं म्हणणं घ्यावं. पोलीस पाटलांना हे आता कोणी सांगावं लागत नाही.

दुसरी संधी टोळी पकडली गेली तेव्हा होती. आळ चारचौघांत येतो आणि खुलासा झाला तर कुजबुजीत होतो. पोलिसांनी उकल झालेल्या चोरीची माहिती पोलीस पाटलामार्फत ग्रामसभेत द्यायची असा रिवाज ठेवला तर तो एक कागदाचा खर्च आहे. आमच्या ठाणेदारांनी तो सुरू केला आहे.

तिसरी, दुकानदाराची. वर सांगितलेल्या अमेरिकी अभ्यासात 81 टक्के घटनांत हल्ल्याआधी किमान एका माणसाला कल्पना होती. तिथे ती बहुधा सोबतची मुलं होती, इथे किराणावाला. "गंज्या पेटतीन" हे ऐकल्यावर पोलिसांत जाणं त्याला जड वाटलं असेल, आणि ते बरोबरही ठरलं नसतं. पण आशाताईंना सांगणं त्याला जमलं असतं, तसं कोणी त्याला कधी सुचवलं असतं तर. आता आमच्या तालुक्यातल्या आशाताईंच्या बैठकीत दुकानदार, पानठेलेवाले आणि पिठाच्या गिरणीवाले यांना वर्षातून एकदा बोलावतो.

आशाताईंच्या कोऱ्या रकान्याबद्दल त्यांना दोष देणं मला पटत नाही. त्यांच्याकडे आधीच कामांचा ढीग आहे. पण गावातल्याच माणसांना तयार केलं तर फरक पडतो हे विदर्भातच सिद्ध झालं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला, त्याचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. नैराश्यात असलेल्यांपैकी मदत मिळवणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. तो रकाना भरल्यावर पुढे कोणाला फोन करायचा हे वहीच्या त्याच पानावर छापलेलं असावं, एवढी मागणी आम्ही लावून धरली आहे.

आणि जखमी मुलगा. आमच्या सगळ्या भेटी, बैठका, फोन एका घराभोवती फिरत राहिले. तो 17 वर्षांचा पोरगा टाके निघाल्यावर आश्रमशाळेत परत गेला, तिथे रात्री दचकून उठू लागला, आणि हे मला गुरुजींकडून तीन महिन्यांनी कळलं. त्याच्यासाठी वेगळा समुपदेशक पहिल्याच आठवड्यात ठरवायला हवा, तोही असा की ज्याचा हल्ला करणाऱ्याशी काही संबंध नाही, नाहीतर त्याचे आईवडील दार उघडणार नाहीत. आता तालुक्याच्या पथकात अशा प्रकरणासाठी दोन माणसं आधीच वेगळी नेमतो. तो मुलगा सध्या बारावीत आहे, महिन्यातून एकदा आमच्या सहकाऱ्याला भेटतो, आणि पोळ्याला गावी यायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवायचं आहे.